कढीपत्ता, सापसण आणि दीडशे वर्षांचे एक कोडे

घराच्या किंवा शाळेच्या बागेत फुलपाखरे यावीत म्हणून काय लावावे, हा प्रश्न शिक्षकांच्या प्रत्येक मेळाव्यात आम्हाला एकदा तरी विचारला जातो. बरीच वर्षे आमचे उत्तर तयार असे. झेंडू, झिनिया, पेंटास, एक्झोरा, जास्वंद अशी यादी आम्ही फळ्यावर लिहून देत असू. एका शाळेने ही यादी फारच मनावर घेतली. मुलांनी वाफे केले, पाळीपाळीने पाणी घातले, बाग फुलली आणि फुलपाखरेही आली. मग सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, ही सगळी मोठीच कशी येतात? यांची पिल्ले कुठे असतात?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण प्रश्न अगदी बिनतोड होता. त्या बागेत एकही अंडे नव्हते, एकही सुरवंट नव्हता. आम्ही शाळेला लावायला सांगितली होती ती नुसती वाटेवरची खानावळ होती. फुलपाखरे मध प्यायला येत आणि निघून जात. त्यांचा जन्म दुसरीकडेच कुठेतरी होत होता. जिथे ती जन्मत होती ती जागा तोडली गेली असती, तर आमची खानावळ कितीही सजलेली असली तरी गिऱ्हाईक आले नसते.

आमचे उत्तर बदलले ते त्या दिवसापासून. पण त्यामागचा इतिहास नीट डोळ्यांपुढे उभा राहिला तो फोंडाघाटातल्या एका परड्यात.

फोंडाघाट हे कणकवली तालुक्यातले गाव सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी आहे. गावातून रस्ता घाट चढून दाजीपूरला पोचतो आणि राधानगरीवरून कोल्हापूरकडे जातो. माथ्यावर राधानगरीचे अभयारण्य, खाली जांभ्या चिऱ्यांची कौलारू घरे आणि प्रत्येक घराच्या मागीलदारी परडे. त्यात पोफळी, केळी, अळू, रातांब्याचे एखादे झाड, माशांच्या आमटीसाठी तिरफळ, आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेला कढीपत्ता. भोवती गडगा, त्यावर रानवेलींचे जाळे. रानातला प्रत्येक पाहुणा इथे हवासा असतो असे मात्र कोणी समजू नये. केळींत माकडे शिरली किंवा शेतात गवा उतरला म्हणजे काय होते, ते शहरातल्या निसर्गप्रेमींनी इथल्या शेतकऱ्याला विचारावे. आम्ही इथे बोलतो आहोत ते अंगणाला परवडणाऱ्या पाहुण्यांबद्दल.

त्या घरच्या आजी कढीपत्त्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मेल्यांनी सगळो पालो खाल्ल्यानी. औषद मारूचा काय?"

पानांवर सुरवंट होते. लहान होते ते पक्ष्याच्या विष्ठेचा ठिपका वाटावा असे काळपट-पांढरे. मोठे होते ते गर्द हिरवे, पुढच्या भागावर डोळ्यासारखे दोन ठिपके असलेले. एकाला काडीने हलकेच डिवचले तेव्हा त्याच्या डोक्यामागून लाल रंगाचा दुभंगलेला मांसल अवयव बाहेर आला आणि एक उग्र वास सुटला. हा वास मुंग्यांना आणि लहान शत्रूंना पिटाळण्यासाठी असतो. (वर्गात दाखवायला यासारखा फुकटचा प्रयोग दुसरा नाही, मात्र एका सुरवंटाला एकदाच डिवचावे.) हे सुरवंट कॉमन मॉरमॉन या फुलपाखराचे होते. शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिटेस.

गडग्याच्या कडेला नुकतीच उपटून टाकलेली एक वेल वाळत पडली होती. लांबट पाने, चुरगळल्यावर तीव्र वास. ही सापसण, म्हणजेच ईश्वरी. परडे साफ करताना ती निघाली होती. कढीपत्त्यावरचा सुरवंट आणि ही वाळलेली वेल यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे पाहणाऱ्याला वाटणार नाही, कारण कॉमन मॉरमॉनचा सुरवंट सापसणीला तोंडही लावत नाही. पण संबंध आहे, आणि तो उलगडायला शास्त्रज्ञांना दीडशे वर्षे लागली.

सुरुवात नावापासून झाली. लिनिअसने १७५८ साली प्राण्यांना दुहेरी नावे दिली, तेव्हा त्याच्यापुढे आशियातून आलेली टाचण्यांना टोचलेली फुलपाखरे होती. त्यांतल्या एका काळ्या फुलपाखराच्या मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ होती. त्याला त्याने पॅमॉन म्हटले. दुसऱ्याच्या मागच्या पंखांवर पांढरा डाग आणि लाल खुणा होत्या, ते पॉलिटेस. काही वर्षांनी लाल ठिपके आणि पुढच्या पंखांवर पांढरे पट्टे असलेल्या तिसऱ्या एकाला रोम्युलस हे नाव मिळाले. तीन रूपे, तीन नावे, म्हणजे तीन जाती. मेलेल्या किड्यांच्या पेटीकडे पाहून याहून वेगळा निष्कर्ष निघणे कठीणच होते.

कीटक कुठल्या झाडावर वाढतो हे पेटीतून कळत नाही. मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये दोन वर्षे राहून १७०५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात प्रत्येक पानावर सुरवंट, कोश, फुलपाखरू आणि त्यांची वनस्पती एकत्र रंगवलेली होती. लिनिअसच्याही आधीचे हे काम. पण संग्राहकांचा ओढा पेटीकडेच राहिला. पेटी विकता येते, सुरवंट विकता येत नाही.

आल्फ्रेड रसेल वॉलेस हा १८५४ ते १८६२ अशी आठ वर्षे मलाय द्वीपसमूहात हिंडला. तोही संग्राहकच, नमुने विकून त्याचा चरितार्थ चाले. पण त्याने एक गोष्ट लक्षात घेतली. पॅमॉन हे नर असतात आणि माद्याही असतात. पॉलिटेस आणि रोम्युलस मात्र फक्त माद्याच सापडतात. १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्याने मांडले की ही सर्व एकाच जातीची रूपे आहेत. नर एकाच प्रकारचा, मादी मात्र तीन प्रकारची: एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझ या वेगळ्याच फुलपाखरासारखी आणि तिसरी क्रिमझन रोझसारखी. एका नराला जणू अनेक प्रकारच्या बायका, म्हणून पुढे इंग्रजांनी बहुपत्नीकत्वासाठी गाजलेल्या अमेरिकेतल्या मॉरमॉन पंथाचे नाव त्याला दिले, असे सांगतात. विनोद त्या काळाच्या अभिरुचीचा आहे. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच.

त्याआधी तीनच वर्षे, म्हणजे १८६२ साली, वॉलेसचा मित्र हेन्री वॉल्टर बेट्स याने ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या अनुभवावरून नकलेचा सिद्धान्त मांडला होता. बेचव किंवा विषारी कीटकाला पक्षी एकदा चव घेतल्यावर टाळू लागतात. मग एखादा चवदार, निरुपद्रवी कीटक तसाच दिसू लागला, तर त्याचाही बचाव होतो. वॉलेसने तोच सिद्धान्त इथे लावला. कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ ही पक्ष्यांना नकोशी फुलपाखरे, आणि मॉरमॉनच्या दोन प्रकारच्या माद्या त्यांचा वेश घेतात. माद्याच का? अंड्यांच्या ओझ्याने मादी जड असते, अंडी घालताना तिला पानापानापाशी रेंगाळावे लागते, म्हणून तिला संरक्षणाची अधिक गरज, असे वॉलेसचे उत्तर होते. १८६५ साली हा एक सुंदर तर्क होता. रोझ फुलपाखरे खरोखर विषारी असतात का, आणि असली तर विष येते कुठून, हे तोवर कोणी दाखवले नव्हते.

आता गोष्ट आपल्या किनाऱ्यावर येते. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा स्कॉटिश मिशनऱ्याचा मुलगा १८५१ साली साताऱ्यात जन्मला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्याने काही वर्षे लॅटिन शिकवले, मग मुंबई इलाख्याच्या मीठ आणि जकात खात्यात नोकरी धरली. त्या नोकरीने त्याला उरण, रत्नागिरी, गोव्याची सरहद्द, कारवार असे किनाऱ्यावर हिंडवले. १८८३ साली त्याचे 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' हे पुस्तक निघाले. नाव वाचून सरहद्दीवरच्या टोळ्यांचे वर्णन असावे असे वाटते. प्रत्यक्षात त्या टोळ्या म्हणजे बंगल्यात आणि आवारात राहणारे उंदीर, पाली, मुंग्या, बेडूक आणि कावळे. घराच्या आवारातले प्राणिजीवन हा गांभीर्याने पाहण्याचा विषय आहे हे त्याने थट्टेच्या सुरात सांगितले. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला आठ जणांनी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. त्या आठांत एटकेन होता, आणि डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपलेही होते. सखाराम अर्जुन हे व्यवसायाने वैद्य, पण औषधी वनस्पतींचे मोठे जाणकार.

कारवारला एटकेनला दोन सोबती मिळाले: सनदी नोकरीतला जेम्स डेव्हिडसन आणि वनखात्यातला थॉमस बेल. तिघांनी ठरवले की फुलपाखरू जाळ्यात पकडायचे त्यापेक्षा ते वाढवायचे. मादी कुठल्या पानावर अंडे घालते ते पाहायचे, फांदीसकट सुरवंट घरी आणायचा, रोज ताजा पाला द्यायचा, कातीपासून कोशापर्यंत प्रत्येक बदल लिहून ठेवायचा. उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांवरचा त्यांचा दीर्घ लेख १८९६ पासून सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः आला. जातींच्या वर्णनाबरोबर सुरवंटाची खाद्यवनस्पती देण्याची जी पद्धत त्यांनी पाडली, ती भारतातल्या फुलपाखरांच्या पुस्तकांत आजतागायत चालत आली आहे. बेल तर कारवारलाच रमला. १९४८ साली तिथेच वारला. आज कोणी शिक्षक 'कुठले झाड लावले तर कुठले फुलपाखरू येईल' अशी यादी हातात घेतो, तेव्हा तिचा बराचसा भाग या तिघांच्या व्हरांड्यातल्या डब्यांपर्यंत मागे नेता येतो. आमच्या मते आपल्या किनाऱ्यावरच्या निसर्गविज्ञानातले हे फार मोठे काम आहे, आणि त्याला लागलेले साहित्य म्हणजे डबे, पाला आणि चिकाटी.

त्या यादीवरून नजर फिरवली की एक नियम दिसतो. मॉरमॉनचा सुरवंट कढीपत्ता खातो, लिंबू खातो, माकडलिंबू खातो, बेल खातो. दिसायला या झाडांत फारसे साम्य नाही, पण वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांना एकाच लिंबूकुलात घालतात. आपले तिरफळही त्याच कुलातले, आणि त्याच्या पानांवर मलबार बँडेड पीकॉक हे हिरव्या-निळ्या झळाळीचे देखणे फुलपाखरू वाढते. केरळने २०१८ साली त्याला राज्यफुलपाखराचा मान दिला. महाराष्ट्राने त्याआधी, २०१५ साली, ब्लू मॉरमॉनला तो मान दिला; त्याचे सुरवंटही लिंबूकुलावरच. दोन राज्यांची मानचिन्हे अशी कोकणातल्या परड्यात, आमटी-फोडणीच्या झाडांवर वाढू शकतात.

सुरवंटाला वनस्पतिशास्त्र कोण शिकवते? १९१० साली फेरशाफेल्ट या डच शास्त्रज्ञाने कोबीवरच्या सुरवंटांना ते एरवी शिवत नसलेली पाने दिली, पण त्यांवर मोहरीवर्गातल्या वनस्पतींत सापडणारे तिखट द्रव्य लावून. सुरवंटांनी ती खाल्ली. म्हणजे ओळख आकाराची नसून रसायनाची. मादीही पानावर उतरून पुढच्या पायांनी टकटक करते ती चव घेण्यासाठी. तिच्या पायांवर चव ओळखणारी संवेदनेंद्रिये असतात. वनस्पती किडीपासून बचावासाठी रसायन तयार करते, काही कीटक ते पचवायला शिकतात आणि मग तेच रसायन त्यांना आपल्या घराची पाटी वाटू लागते. एर्लिक आणि रेव्हन यांनी १९६४ साली याच धाग्यावरून सहउत्क्रांतीची कल्पना मांडली.

आता सापसण. कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ या दोघांचे सुरवंट सापसणीच्या गणातल्या वेलींवरच वाढतात. सह्याद्रीतले भलेमोठे सदर्न बर्डविंगही त्याच गणावर वाढणारे. १९६८ साली फॉन यूव, राइखश्टाइन आणि मिरियम रॉथशील्ड या तिघांनी दाखवून दिले की कॉमन रोझच्या शरीरात ॲरिस्टोलोकिक आम्ल असते, आणि ते सापसणीच्या गणातल्या वनस्पतींचेच विष आहे. सुरवंट ते खातो, साठवतो आणि पंख फुटल्यावरही बाळगतो. वॉलेसचा तर्क एकशेतीन वर्षांनी रसायनशाळेत पक्का झाला. या तिघांतला राइखश्टाइन कॉर्टिसोनच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलेला, आणि रॉथशील्डबाई कुठल्याही विद्यापीठाची पदवी न घेता पिसवांवरचे काम करून जगन्मान्य झालेल्या. पुढे त्यांनी आपल्या घराभोवतीची आखीव हिरवळ मोडून तिथे रानफुले वाढू दिली आणि इंग्लंडात रानफुलांच्या बागांची चळवळ उभी राहायला हातभार लावला.

इथे एक सावधगिरी. सापसण आपल्याकडे सापाच्या विषावरचा उतारा म्हणून सांगितली जाते. ॲरिस्टोलोकिक आम्लाने माणसाचे मूत्रपिंड निकामी होते आणि कर्करोगही होतो, हे १९९० नंतरच्या दशकांत निर्विवाद सिद्ध झाले आहे. वेल परड्यात जरूर असू द्यावी, पोटात अजिबात घेऊ नये; आणि साप चावल्यास थेट रुग्णालय गाठावे.

कोड्याचा उरलेला भाग आनुवंशिकतेचा होता. एकाच आईच्या मुलींत काही नरासारख्या, काही रोझसारख्या, मधल्या अर्ध्याकच्च्या मात्र कोणी नाहीत, हे कसे? आपण शाळेत ज्याच्या नावाचा चौकोन शिकवतो त्या पनेटने याच फुलपाखराला हाताशी धरले. १९१० च्या सुमारास सिलोनमध्ये पाहणी करून त्याने आक्षेप घेतला की मूळ आणि नक्कल यांचे प्रमाण जागोजागी जुळत नाही. फ्रायरने तिथेच पिढ्यान्‌पिढ्या मॉरमॉन वाढवून दाखवले की मादीचे रूप मेंडेलच्या नियमांनी ठरते. पनेटने १९१५ साली पुस्तक लिहून सांगितले की नक्कल एका उडीत, एका मोठ्या बदलातून आली असली पाहिजे. नैसर्गिक निवडीने ती हळूहळू घडलेली नाही. फिशरने १९२७ साली त्याला उत्तर दिले: कळ एकच असेल, पण तिने चालू होणारे यंत्र निवडीने थोडे थोडे सुधारत आलेले असू शकते.

या वादातून वर्गात करण्याजोगा एक हिशेब निघतो. नकलेचा गुण प्रभावी आहे, पण नरात तो दिसत नाही. समजा, नरासारख्या दिसणाऱ्या मादीच्या मुलींत निम्म्या रोझसारख्या निघाल्या. आईकडे तो गुण असता तर तिच्यातच दिसला असता. म्हणजे तो बापाकडून आला, आणि बापाकडे त्याची एकच प्रत होती. बापाच्या पंखांवर काहीही लिहिलेले नसताना मुलींवरून त्याचे गुणसूत्र वाचता येते. पनेटचा चौकोन पनेटच्याच फुलपाखरावर मांडायला काय हरकत आहे? वाटाण्याच्या बिया आमच्या मुलांनी मोजलेल्या नसतात. कढीपत्ता मात्र त्यांच्या घरी असतो.

पुढचा धागा लिव्हरपूलच्या एका डॉक्टरकडे जातो. सिरिल क्लार्क हे रुग्णालयात वैद्य आणि घरी फुलपाखरे वाढवणारे हौशी गृहस्थ. फिलिप शेपर्ड या आनुवंशशास्त्रज्ञाशी त्यांची जोडी जमली आणि दोघांनी पॅपिलिओ गणातल्या अनेक जातींचे संकर केले. कॉमन मॉरमॉनच्या माद्यांची रूपे एकाच जनुकस्थानावरून ठरतात हे त्यांनी १९७२ साली प्रसिद्ध केले. पण मोठी गोष्ट त्याआधीच घडून गेली होती. फुलपाखरांच्या पंखांवरील नक्षीची जनुके आणि माणसाच्या ऱ्हीसस रक्तगटाची जनुके यांच्यात साम्य वाटून त्यांचे लक्ष ऱ्हीसस विसंगतीकडे वळले. आई ऱ्हीसस निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल, तर आईच्या रक्तातली प्रतिद्रव्ये पुढच्या बाळाच्या रक्तपेशी फोडतात. कितीतरी बाळे त्यात दगावत. आईला वेळीच तयार प्रतिद्रव्य टोचले तर तिचे शरीर स्वतः ती बनवत नाही, हा उपाय १९६० च्या दशकात क्लार्क यांच्या गटाने आणि अमेरिकेतल्या दुसऱ्या एका गटाने स्वतंत्रपणे सिद्ध केला. आपल्याकडच्या प्रसूतिगृहांतही 'अँटी-डी' चे ते इंजेक्शन आज दिले जाते. सुरवंट पाळण्याचा उपयोग काय, असे विचारणाऱ्या पालकांना ही गोष्ट सांगावी. याच क्लार्क यांनी १९५९ पासून आपल्या घरच्या बागेत दिव्याचा सापळा लावून पेपर्ड मॉथ पतंगांची वर्षानुवर्षे मोजणी केली. सुरुवातीला काळ्या रूपाचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक होते. हवेतला धूर कमी झाला तसे ते काही दशकांत कोसळत गेले. पाठ्यपुस्तकातल्या उत्क्रांतीच्या सर्वांत प्रसिद्ध उदाहरणाचा उत्तरार्ध असा एका घराच्या बागेत लिहिला गेला.

कोड्याची शेवटची कडी २०१४ साली जुळली. 'बटरफ्लाइज ऑफ पेनिन्शुलर इंडिया' या पुस्तकामुळे आपल्याकडच्या निसर्गमित्रांना परिचित असलेले कृष्णमेघ कुंटे, शिकागोचे मार्कस क्रॉनफोर्स्ट आणि त्यांचे सहकारी यांनी 'नेचर' मध्ये दाखवले की मॉरमॉनची नक्कल 'डबलसेक्स' नावाच्या एकाच जनुकावर अवलंबून आहे. कीटकांत नर-मादीचा फरक घडवणारे हे जनुक. अशा गुंतागुंतीच्या रूपासाठी शेजारीशेजारी बसलेल्या अनेक जनुकांचा संच लागत असावा अशी तोवरची अपेक्षा होती, निघाले एकच. नकलेच्या प्रतीत गुणसूत्राचा तेवढा तुकडा उलटा बसलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या प्रतीशी त्याची सरमिसळ होत नाही आणि अर्धीकच्ची रूपे जन्मत नाहीत. नर-मादीचाच खटका वापरल्यामुळे नक्कल माद्यांपुरती कशी राहते हेही समजू लागले. कळ एक होती म्हणून पनेट अर्धा बरोबर. त्या एका जनुकात अनेक लहान बदल साचलेले आहेत म्हणून फिशरही अर्धा बरोबर.

आता पुन्हा गडग्यापाशी. सापसण उपटली की रोझ फुलपाखरांची जागा जाते. रोझ गेले की पक्ष्यांना त्या काळ्या-लाल रंगाचा धडा देणारे कोणी उरत नाही. मग कढीपत्त्यावर वाढलेल्या, रोझचा वेश घेतलेल्या मॉरमॉन माद्यांना त्या वेशाचा काय उपयोग? सिद्धान्त सांगतो की मूळ दुर्मिळ झाले की नकलेचा फायदा ओसरावा आणि नरासारख्या माद्यांचे प्रमाण वाढावे. पण पनेटचा आक्षेप शंभर वर्षांपूर्वी याच मुद्द्यावर होता, हेही विसरू नये. फोंडाघाटात, कणकवलीच्या सिमेंटच्या अंगणांत, वर दाजीपूरच्या रानात हे प्रमाण वेगवेगळे आहे का, हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. बसलेल्या फुलपाखराचे धड पाहावे: धड लाल असेल तर ते रोझ, काळे असेल तर मॉरमॉन. वहीत चार रकाने आखावेत: रोझ, रोझसारखी मॉरमॉन मादी, नरासारखी मॉरमॉन मादी आणि नर. शेवटची दोन उडताना सहज ओळखू येत नाहीत. अंडी घालताना दिसली तरच मादी धरावी, नाहीतर नुसते 'मॉरमॉन' लिहावे. अशा दहा शाळांच्या वह्या तीन-चार वर्षांच्या झाल्या, तर आम्ही त्या आनंदाने तपासायला घेऊ.

आजींना आम्ही एवढा इतिहास सांगितला नाही. औषध मारू नका, हे किडे पंधरा-वीस दिवसांत पानांवरून जातील, झाड मरणार नाही, एवढेच सांगितले. आणि ती वेल पुन्हा फुटली तर राहू द्या, असेही. सापसणीची मुळे जमिनीत खोल टिकतात, पावसाळ्यात ती पुन्हा फुटते. आजींनी कढीपत्त्याकडे जरा वेळ पाहिले आणि आपला निवाडा दिला: "खालच्यो फांदियो तेंका, वरच्यो माका."

पुढच्या श्रावणात आम्ही गेलो तेव्हा गडग्यावर सापसण हातभर वाढलेली होती. कढीपत्त्याच्या खालच्या फांद्यांना पाने जेमतेम उरली होती. वरच्या फांद्यांवरही सुरवंट होते.